थायरॉईडची बाटली कुणाच्या फायलीत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या आधी आपल्या रविवारच्या पुरवणीत टेस्ट ट्यूब बेबीवर पानभर मजकूर आला होता. फोटो-बिटो छान होते, खर्चाचं सांगितलं होतं, वयाचं सांगितलं होतं, नवऱ्याची पण तपासणी करा हे ठळक अक्षरात होतं (हे एक बरं केलंत), पण सगळं पान दोनदा वाचलं तरी थायरॉईड हा शब्द काही कुठं सापडला नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त मधला गोळ्यांचा भाग कापू नका एवढी विनंती.

मी बार्शीत औषधाचं दुकान चालवते. डी. फार्म. केलंय, बावीस वर्षं काउंटरमागं उभी आहे. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. पण बाईच्या पोटात दिवस आहेत हे तिच्या माहेरच्यांच्या आधी आम्हाला कळतं, कारण प्रेग्नन्सीची पट्टी आमच्याकडूनच नेलेली असते अन् दोन दिवसांनी फॉलिक ॲसिड न्यायला कोणीतरी येतंच.

तर जूनमधली गोष्ट, वटपौर्णिमेच्या आधीची. आमच्याकडून दर तीन महिन्याला थायरॉईडच्या पन्नास मायक्रोग्रॅमच्या गोळ्यांची बाटली नेणारी एक मुलगी, पंचविशीची असेल, सासूबाईंबरोबर आली. लग्नाला चार वर्षं झालेली, दोन वर्षांपासून ट्रीटमेंट चालू होती हे मला माहीत होतं, इंजेक्शनं आमच्याच फ्रिजमधून जायची. चेहऱ्यावरूनच कळलं. सासूबाई म्हणल्या, "फॉलिक का काय म्हणतेत ते द्या." मी सवयीनं म्हणलं, बाटली संपत आली असेल ना गं, ती पण काढू का? मुलीनं तोंड उघडायच्या आत सासूबाईच म्हणल्या, "नको नको. आता दिवस गेलेत तिला. कशाला त्या गरम गोळ्या, पोटातल्या लेकराला उष्ण पडतंय."

किती दिवस झाले बंद करून, विचारलं. मुलगी खाली बघत म्हणली, एकोणीस.

हातातली पिशवी तिथंच ठेवली अन् मावशींना आत बोलावून स्टुलावर बसवलं. राग नाही आला मला. मावशींचं काय चुकलं? दिवस गेल्यावर नको ती औषधं बंद करायची हे आपणच बायकांना शिकवलंय, डोकेदुखीची गोळी नको, सर्दीची नको, मनानं काही घेऊ नको. त्यांनी तेच केलं. फक्त थायरॉईडची गोळी त्यातली नाही हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मुलीला पण नाही. दोन वर्षांच्या ट्रीटमेंटची फाईल, हाताच्या तळव्याएवढी जाड, अन् त्यात हे एक वाक्य नाही.

आता हे वाक्य का महत्त्वाचं ते माझ्या भाषेत सांगते. थायरॉईड ग्रंथी गळ्यात असते आणि थायरॉक्सिन नावाचं हार्मोन बनवते, तेच आपण गोळीतून देतो. म्हणजे ही गोळी औषध कमी अन् भरपाई जास्त, शरीरात जे कमी पडतंय तेच वरून घालायचं. ग्रंथीवर देखरेख करते मेंदूतली पिट्युटरी, आणि ती जी हाक मारते ती म्हणजे टीएसएच. ग्रंथीनं ऐकलं नाही की हाक मोठी होते. म्हणून टीएसएच वाढला तर थायरॉईड कमी पडतंय असा अर्थ. हे उलटं गणित निम्म्या गिऱ्हाइकांना माहीत नसतं, "वाढलाय ना, मग गोळीनं अजून वाढंल की" असं म्हणून गोळी बंद केलेले लोक मी पाहिलेत, शिकलेले सुद्धा.

आणि पोटातल्या बाळाचं म्हणाल तर पहिले तीन महिने त्याची स्वतःची थायरॉईड चालूच झालेली नसते. बाराव्या आठवड्याच्या आसपास ती कुठं कामाला लागते आणि अठरा-वीस आठवड्यांपर्यंत नीट पुरवठा करायला लागते. तोवर मेंदू घडायला लागणारं सगळं थायरॉक्सिन आईच्या रक्तातून. जिची ग्रंथी धड आहे तिची आपोआप जादा काम करते, गर्भाचं एचसीजी हार्मोनच तिला थोडं ढकलतं. जिची ग्रंथी थकलीय आणि जी गोळीवर आहे तिच्याकडं वाढवायला आहे काय? बाटली. म्हणून गोळीवर असलेल्या बऱ्याच बायकांना दिवस राहिल्यावर डोस पंचवीस ते पन्नास टक्के जादा लागतो, आणि तो पाचव्या-सहाव्या आठवड्यापासूनच लागायला लागतो. पाचवा आठवडा म्हणजे काय हो? पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला. त्या वेळी आपल्याकडं अजून कोणाला सांगितलेलं पण नसतं, तिसरा महिना लागल्याशिवाय सांगायचं नाही म्हणून.

आणि त्याच दिवसांत आम्ही गोळी बंद करतो. वाढवायची ती बंद.

पहिल्या तपासणीला नाव घालतात तेव्हा आठवा-दहावा आठवडा उजाडतो. रक्त काढतात, रिपोर्ट पुढच्या खेपेला दाखवतात, म्हणजे झालाच की तिसरा महिना. टीएसएच त्यात लिहिला असेल तर नशीब. सरकारच्या आरोग्य खात्यानं २०१४ साली गरोदरपणातल्या थायरॉईडसाठी मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात जिला धोका जास्त तिची तपासणी करा असं आहे, आणि त्या धोक्याच्या यादीत मूल राहायला अडचण झालेली, वारंवार गर्भपात झालेली, घरात थायरॉईड असलेली बाई येते. म्हणजे ट्रीटमेंट घेऊन राहिलेली प्रत्येक बाई यादीत बसतेच. कागदावर बसते.

माझं स्वतःचं सांगते, त्याशिवाय हे पत्र लिहायला मला तोंड नाही.

लग्न २००५ चं. २००८ ला थायरॉईड निघालं, वजन वाढलं होतं, पाळी दोन-दोन महिने यायची नाही, केस कंगव्यात गुंतूनच यायचे. प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन, ते पण वाढलेलं निघालं. नंतर कळलं की थायरॉईड फार कमी पडलं की मेंदूतून जो वरचा इशारा वाढतो तोच प्रोलॅक्टिनला पण चढवतो, अन् मग अंडंच फुटत नाही. गोळी चालू केल्यावर पाळी बऱ्यापैकी रुळावर आली, पण दिवस काही राहिले नाहीत. दोनदा आययूआय झालं, म्हणजे नवऱ्याचं बीज नळीनं पिशवीत सोडतात ते. मग २०१२ ला मोठ्या शहरातल्या एका सेंटरला आयव्हीएफ, म्हणजे तीच टेस्ट ट्यूब बेबी. पाटल्या मोडल्या, सासऱ्यांनी ज्वारीचे पैसे दिले. त्या फायलीच्या पहिल्या पानावर टीएसएच २.९ लिहून पुढं बरोबरची खूण केलेली होती. ती खूण सात महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टवरची. मधे इंजेक्शनांचा कोर्स झाला, अंडी काढली, महिनाभर थांबून गर्भ सोडला, तरी परत टीएसएच कोणी काढला नाही. मी पण म्हणलं नाही. खूण होती ना.

पॉझिटिव्ह आलं. सातव्या आठवड्यात ठोके दिसले. नवव्यात नव्हते.

पिशवी साफ करायच्या आधी रक्त काढलं तेव्हा आमच्या गावातल्या फिजिशियननी सहज टीएसएच लिहिला होता. ९.६ आला.

त्याच्यामुळंच गेलं असं मी म्हणणार नाही. सुरुवातीचे निम्मे-अर्धे गर्भपात गर्भाच्या क्रोमोसोममधल्या दोषानं होतात, ते कोणाच्या हातात नसतं, अन् माझं कशानं गेलं हे आता कोणीच सांगू शकणार नाही. पण उपचार न झालेल्या थायरॉईडच्या कमतरतेत गर्भपाताचा, कमी दिवसांच्या बाळंतपणाचा धोका वाढतो हे पुस्तकात मी स्वतः शिकले होते. परीक्षेत लिहिलं पण होतं.

अजून एक कबुली द्यायची राहिली. त्या सात महिन्यांत मी सकाळी उठले की थायरॉईडची गोळी, कॅल्शियम अन् लोहाची गोळी तिन्ही एकदम तोंडात टाकायची अन् वरून दुधाचा चहा. सव्वा आठला दुकान उघडायचं असतं, कुठं वेळ वेगवेगळं करत बसायला. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला आतड्यात धरून ठेवतात, शोषूच देत नाहीत, त्यांच्यात चार तास अंतर पाहिजे हे फार्मसीच्या पोरालाही माहीत असतं. मी गिऱ्हाइकाला पाकिटावर लिहून द्यायची. स्वतःच्या पाकिटावर कोण लिहिणार?

दुसऱ्या वेळी, २०१४ ला, मी त्याच फिजिशियनकडं आधी गेले. त्यांनी एक काम केलं, साधंच. गर्भ सोडायच्या आधी टीएसएच अडीचच्या खाली आणला, त्याला दोन महिने लागले, सेंटरवाल्यांना थांबा म्हणून सांगितलं. आणि चिठ्ठीवर आधीच लिहून ठेवलं: टेस्ट पॉझिटिव्ह आली त्या दिवसापासून आठवड्याला सातच्या जागी नऊ गोळ्या, आणि चार आठवड्यांत टीएसएच. बस. पॉझिटिव्ह आलं तेव्हा मला कोणाला फोन करून विचारायची गरज पडली नाही. शनिवार-रविवार दोन गोळ्या, बाकी दिवस एक. मुलगी आता सहावीत आहे, वर्गात दुसरी येते, पहिली का नाही म्हणून रडते.

ही नऊ गोळ्यांची पद्धत त्यांच्या मनातली नव्हे. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत सुद्धा आहे, आधीपासून थायरॉक्सिन घेणाऱ्या बाईनं दिवस राहिल्याचं कळताच डोस वीस-तीस टक्के वाढवायचा, त्याची सोपी रीत म्हणजे आठवड्याला दोन जादा गोळ्या, आणि मग निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, पुढं तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा. पण कृपा करून हे वाचून आपापल्या मनानं वाढवू नका. काहींची थायरॉईड काढून टाकलेली असते, काहींचा डोस आधीच जास्त असतो, काहींना हृदयाचा त्रास असतो. मी म्हणते ते एवढंच, की हे डॉक्टरांकडून आधी लिहून घ्या. दिवस राहिल्यावर नाही, राहायच्या आधी. ज्या दिवशी ट्रीटमेंट सुरू होते त्या दिवशी.

कारण घोटाळा कुठं होतो बघा. थायरॉईडची गोळी लिहिली फिजिशियननं, त्यांची चिठ्ठी वेगळी, ती घरी डब्यात घडी करून ठेवलेली. दिवस राहण्याची ट्रीटमेंट सेंटरला, त्यांची जाड फाईल वेगळी. दिवस राहिले की सेंटर म्हणतं आता तुमच्या गावच्या डॉक्टरांना दाखवा, मग नाव घातलं मॅटर्निटीत नाहीतर सरकारी दवाखान्यात, तिथं तिसरं कार्ड. तिघंही शहाणे, तिघंही आपापल्या जागी बरोबर. फिजिशियनला वाटतं गायनॅक बघतील, गायनॅकला वाटतं चालू आहे ना गोळी, मग झालं. बाटली मात्र कुणाच्याच फायलीत नाही, ती फ्रिजवर. अन् फ्रिजवर गरम होतं, तिथं ठेवू नका, गॅसच्या शेजारी पण नको, ऊन-दमटपणा-उजेड तिन्ही त्या गोळीला चालत नाही. काही बायका आठवड्याच्या गोळ्या काढून कागदाच्या पुडीत पर्समध्ये ठेवतात, तसंही नको, गोळी बाटलीतच राहू द्या.

इंजेक्शनांचं पण सांगायला पाहिजे, कारण हे कोणी सांगतच नाही. आयव्हीएफमध्ये अंडी जास्त यावीत म्हणून जी इंजेक्शनं देतात त्यानं शरीरातलं इस्ट्रोजेन खूप वाढतं. त्यानं रक्तात थायरॉक्सिन वाहून नेणारी प्रथिनं वाढतात. आमच्या बाजार समितीच्या भाषेत सांगायचं तर गाड्या वाढल्या, माल तेवढाच, सगळा माल गाड्यांतच भरून उभा, बाजारात उतरायला कमी. चांगली ग्रंथी तेवढा माल जादा काढते, थकलेली काढू शकत नाही, टीएसएच वर जातो. म्हणून टीएसएच इंजेक्शनांच्या आधी बघावा, नाहीतर कोर्स झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी, कोर्स चालू असतानाचा आकडा धड कळत नाही. आणि डोस बदलला तर सहा आठवडे थांबल्याशिवाय नवा आकडा खरा धरू नये, कारण थायरॉक्सिन शरीरात हळूहळू भरतं, हळूहळू उतरतं. लाख-दीड लाख भरलेल्या जोडप्याला सहा आठवडे म्हणजे सहा वर्षं वाटतात, मला ठाऊक आहे. तरी थांबा. आमच्याकडं टीएसएच तीनशे रुपयांच्या आत होतो, एका इंजेक्शनच्या किमतीपुढं काहीच नाही.

आता दुसरी बाजू पण लिहिते, नाहीतर उद्यापासून सगळ्या बायका थायरॉईडच्या मागं लागतील. तसं पण चाललंच आहे. टीएसएच २.८ आला म्हणून रडत येणाऱ्या मुली मी बघते. २०११ च्या अमेरिकन सूचनांत पहिल्या तिमाहीसाठी वरची मर्यादा अडीच होती, ती २०१७ ला सैल करून आपल्या भागातल्या बायकांचे आकडे असतील तर ते धरा, नसतील तर चारच्या आसपास धरा असं केलं. आपल्या २०१४ च्या सरकारी सूचनांत अजून अडीचच आहे. त्यामुळं एक डॉक्टर गोळी देतात, दुसरे म्हणतात काही गरज नाही, अन् बाई मधल्या मधे. अडीच अन् चारच्या मधलं हे जे आहे ना, तिथं तज्ज्ञांतच मतं वेगळी आहेत, त्यावरून डॉक्टर बदलत हिंडू नका. ज्यांना ट्रीटमेंट चालू आहे किंवा ॲंटीबॉडी आहेत त्यांच्यासाठी डॉक्टर जरा लवकर गोळी सुरू करतात, एवढं समजून घ्या.

ॲंटीबॉडीची तर वेगळीच गंमत. अँटी-टीपीओ म्हणून टेस्ट असते, ती पॉझिटिव्ह आली म्हणजे शरीर आपल्याच थायरॉईडवर उठलंय, पुढं मागं ग्रंथी थकणार. अशा बायकांत गर्भपाताचं प्रमाण जास्त दिसतं. मग टीएसएच नॉर्मल असला तरी गोळी दिली तर फायदा होईल असं वाटत होतं, दिली पण जात होती. इंग्लंडमध्ये त्याच्यावर मोठा अभ्यास झाला, २०१९ ला निकाल आला, ९५२ बायका, निम्म्यांना पन्नासची गोळी, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. जिवंत मूल हातात आलं ते शेकडा ३७.४ अन् ३७.९. म्हणजे काडीचा फरक नाही. तेव्हा नॉर्मल थायरॉईडच्या बाईला नशीब उघडायला म्हणून गोळी देऊन उपयोग नाही, फक्त तिच्यावर लक्ष ठेवायचं, कारण दिवसांत टीएसएच चढू शकतो. जिला कमी पडतंय तिला मात्र भरून द्यायचंच. १९९९ साली अमेरिकेतल्या मेन राज्यातला अभ्यास आला होता, गरोदरपणात थायरॉईड कमी असून उपचार न झालेल्या आयांची मुलं सात ते नऊ वर्षांची झाल्यावर बुद्ध्यांक मोजला, तो इतर मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी भरला. त्या आयांना आपल्याला काही आहे हे माहीत पण नव्हतं.

बरं, केसांवरून आठवलं. थायरॉईडमुळं केस गळतात, मग बाई बायोटिनच्या गोळ्या चालू करते, ऑनलाइन मागवते, दहा हजार मायक्रोग्रॅमच्या. बायोटिननं रक्ताची टेस्टच फसते. बऱ्याच मशीनवर टीएसएच खोटा कमी येतो, टी-फोर (म्हणजे थायरॉक्सिनच) खोटा जास्त येतो, अन् कमतरता असलेल्या बाईचा डोस वाढवायचा तर उलट कमी केला जातो. आमच्याच गिऱ्हाइकात झालंय. टेस्टच्या आधी निदान दोन दिवस बंद ठेवा अन् लॅबवाल्याला सांगा.

उपवासाचं तर विचारूच नका. भगवंताच्या गावात राहतो आम्ही, एकादशी कडक. एकादशीला गोळी नाही, चतुर्थीला नाही, नवरात्रात नऊ दिवस नाही. का, तर उपवास! अहो, ती उपाशीपोटीच घ्यायची असते, पाण्याबरोबर, तिच्याइतकी उपवासाला चालणारी गोळी दुसरी नाही. साबुदाण्याच्या आधी तासभर घ्या. चहाच्या आधी पण अर्धा-पाऊण तास तरी. आमच्याकडच्या एक खाला रोज्यांत डॉक्टरांना विचारून रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतात, त्यांचे रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगले.

अन् मीठ. गेल्या चार-पाच वर्षांत सैंधवाचं खूळ आलंय, गुलाबी मीठ, काळं मीठ, ते शुद्ध म्हणे. उपवासाला ठीक आहे, पण आता रोजच्या आमटीत पण तेच, त्यातून घरात गरोदर बाई असली तर खास तिच्यासाठी. त्या मिठात आयोडीन घातलेलं नसतं. आयोडीन नसेल तर थायरॉईड थायरॉक्सिन बनवणार कशापासून? गरोदर बाईला दिवसाला अडीचशे मायक्रोग्रॅम लागतं, एरवी दीडशे. आपल्या देशात १९६२ पासून गलगंडासाठी सरकारी कार्यक्रम आहे, २००६ पासून खायला बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आहे, साठ वर्षं खपून गलगंड मागं हटवला, अन् आम्ही जास्त पैसे देऊन बिनआयोडीनचं आणतो. पाकिटावर आयोडाइज्ड लिहिलंय का ते बघा, साधं पांढरं घ्या, झाकण लावून ठेवा.

थायरॉईड जास्त असलेल्यांचं (म्हणजे कमी टीएसएचवाल्यांचं) थोडक्यात, कारण माझ्याकडं ते कमी येतात. त्यांच्या गोळ्या वेगळ्या, कार्बिमाझोल वगैरे. त्या पहिल्या तीन महिन्यांत बाळाला बाधू शकतात म्हणून डॉक्टर दिवस राहायच्या आधीच किंवा राहिल्याबरोबर दुसरी गोळी देतात. मनानं बंद नको अन् मनानं चालू पण नको, त्याच दिवशी फोन करा. आणि रेडिओआयोडीन (जास्तीची थायरॉईड दाबायला देतात ते किरणोत्सारी आयोडीन) घेतलं असेल तर निदान सहा महिने दिवस राहू देऊ नका, हे दवाखान्यात सांगतात पण घाईत विसरतं.

बाळंतपण झालं की सगळ्यांचं लक्ष बाळाकडं. वाढवलेला डोस तसाच चालू राहतो, कोणी कमी करत नाही, मग बाईची छाती धडधडते, झोप नाही, हात थरथरतात, अन् घरचे म्हणतात बाळंतीण आहे, होतंय. बाळंतपणानंतर डोस परत पहिल्यासारखा करून सहा आठवड्यांनी टीएसएच बघायचा असतो. आणि जिला आधी काही नव्हतं तिला सुद्धा बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉईड बिघडू शकतं, शंभरात पाचेक जणींना होतं, आधी जास्त मग कमी. उदास राहते, रडते, बाळाकडं बघत नाही, याला सगळं बाहेरचं किंवा मनाचं म्हणून सोडू नका, एकदा टीएसएच करा. बाळाच्या टाचेतून पण थेंबभर रक्त घेऊन थायरॉईड बघता येतं, हजारेक बाळांत एकाला जन्मतःच नसतं किंवा कमी असतं, पहिल्या पंधरा दिवसांत गोळी चालू झाली तर ते मूल चारचौघांसारखं वाढतं. दवाखान्यातून घरी येताना हे विचारूनच निघा.

संपादक साहेब, १९८६ साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी झाली तेव्हा मी शाळेत होते, वडिलांनी पेपरमधला फोटो दाखवला होता. आता तालुक्याच्या गावांत सुद्धा सेंटरचे बोर्ड लागलेत, जोडपी जमीन विकून जातायत. जाऊ द्यात, मी पण गेले होते, मला पण मूल मिळालं. माझी मागणी सेंटरवाल्यांकडं एकच आहे: डिस्चार्जच्या कागदावर, जिथं फॉलिक ॲसिड अन् प्रोजेस्टेरॉन लिहिता ना, त्याच्याखाली एक ओळ थायरॉईडची लिहा. गोळी चालू ठेवायची, किती वाढवायची, टीएसएच कोणत्या तारखेला. मराठीत लिहा, सासूला वाचता येईल असं. आणि आमच्या केमिस्ट बंधू-भगिनींकडं पण, फॉलिक ॲसिड देताना एक प्रश्न विचारा, थायरॉईडची गोळी चालू आहे का. मी लाल स्केचपेननं बाटलीवरच लिहून देते, "दिवस गेले तरी बंद नाही, डॉक्टरांना लगेच दाखवा." नवरा वैतागतो, कंपनीचं लेबल झाकतंय म्हणून.

आपण पुरवणीत एक चौकट छापलीत तर मी ती कापून काउंटरच्या काचेखाली लावीन.

आपली एक वाचक,
औषध विक्रेती, बार्शी
(नाव कृपया छापू नये. मिसकॅरेजचं दुकानात सगळ्यांना माहीत नाही.)

ता.क. त्या जूनमधल्या मुलीचा टीएसएच तेव्हा ११.४ आला होता. त्याच दिवशी डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली. परवा गौरी बोळवून झाल्यावर येऊन गेली, पाचवा लागलाय, सोनोग्राफी चांगली आहे, टीएसएच दोनच्या आसपास आलाय. सासूबाई पण होत्या बरोबर. बाटली आता फ्रिजवर नाही, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवलीय म्हणल्या, पहाटे दिवा लावायला उठलं की आधी तिला हाक मारून गोळी देतेत अन् मग काडी ओढतेत.